पाकिटावरच्या कॅलरी कशा वाचाव्यात

पाकीटबंद खाद्यपदार्थाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला एक तक्ता असतो. ‘न्यूट्रिशनल इन्फर्मेशन’ असे त्याचे शीर्षक, आणि त्यातली पहिली ओळ सहसा ‘एनर्जी’ची, म्हणजे ऊर्जेची. तिच्यासमोर ५५५, ४६०, ६० असा एखादा आकडा आणि किलोकॅलरीचे लघुरूप, एवढेच लिहिलेले असते. हा आकडा जास्त की कमी, हे त्याच्याकडे नुसते पाहून ठरत नाही. तो किती पदार्थाचा आहे, त्यातला किती पदार्थ पोटात जाणार आहे आणि ती ऊर्जा कशातून आली आहे, हे कळल्यावरच त्याला अर्थ येतो. तिन्हींची उत्तरे बहुतेक वेळा त्याच वेष्टनावर असतात. फक्त ती एका जागी सापडत नाहीत.

कॅलरी हे उष्णता मोजण्याचे एकक आहे. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यासाठी जेवढी उष्णता लागते, ती एक किलोकॅलरी. भौतिकशास्त्रातली मूळ कॅलरी याचा हजारावा भाग असते, पण आहाराच्या संदर्भात ती कोणी वापरत नाही. डॉक्टर, आहारतज्ज्ञ किंवा जिममधला प्रशिक्षक ‘दोनशे कॅलरी’ म्हणतो तेव्हा त्याला दोनशे किलोकॅलरीच अभिप्रेत असतात. शालेय पुस्तकांतला ‘उष्मांक’ हा शब्दही त्याच अर्थाने येतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ही ऊर्जा किलोज्यूलमध्ये छापतात, युरोपात किलोज्यूल आणि किलोकॅलरी दोन्ही. एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ किलोज्यूल. त्यामुळे सिडनीहून आलेल्या चॉकलेटवर २२०० हा आकडा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. त्याला चारने भागून थोडे कमी केले की आपल्या ओळखीचा, सव्वापाचशेच्या आसपासचा आकडा मिळतो.

पाकिटावरचा आकडा दर वेळी पदार्थ जाळून मोजलेला नसतो. तो बहुतेकदा हिशेबाने काढलेला असतो, आणि या हिशेबाचे श्रेय विल्बर ॲटवॉटर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाकडे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कनेक्टिकट राज्यातील मिडलटाउन येथील वेस्लियन विद्यापीठात ॲटवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणूस आत राहू शकेल अशी एक बंदिस्त खोली उभारली. तिच्या आतल्या भिंती तांब्याच्या होत्या. आतल्या माणसाला मोजून अन्न दिले जाई, तो काही दिवस तिथेच झोपे, बसे, व्यायाम करी. त्याच्या अंगातून निघणारी उष्णता नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्याच्या तापमानावरून मोजली जाई, श्वासातल्या वायूंची तपासणी होई आणि मलमूत्रातून किती ऊर्जा वाया गेली याचीही नोंद ठेवली जाई. अशा असंख्य मोजमापांतून तीन सोपे आकडे हाती आले. एक ग्रॅम कर्बोदकांतून शरीराला सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, एक ग्रॅम प्रथिनांतूनही ४, आणि एक ग्रॅम स्निग्धांशातून ९.

प्रथिनांचा आकडा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. प्रयोगशाळेत पूर्ण जाळले तर एक ग्रॅम प्रथिनातून साडेपाच किलोकॅलरींहून जास्त उष्णता निघते. शरीर मात्र प्रथिनातला नत्राचा भाग युरियाच्या रूपाने लघवीवाटे बाहेर टाकते, आणि त्याबरोबर काही ऊर्जाही जाते. थोडा भाग पचतच नाही. ही वजावट करून चार उरतात. म्हणजे लेबलवरची कॅलरी ही पदार्थात कोंडलेली सगळी ऊर्जा नव्हे, शरीराच्या हाती लागणारी ऊर्जा आहे. पुढे या यादीत तंतुमय पदार्थांसाठी ग्रॅमला सुमारे २ आणि मद्यार्कासाठी ७ असे आकडेही धरले जाऊ लागले.

४, ४ आणि ९ हे तीन आकडे पाठ असले की कोणताही तक्ता घरबसल्या तपासता येतो. समजा, चिवड्याच्या एका पाकिटावर १०० ग्रॅममागे प्रथिने १० ग्रॅम, कर्बोदके ५० ग्रॅम आणि स्निग्धांश ३५ ग्रॅम लिहिले आहेत. प्रथिनांच्या ४०, कर्बोदकांच्या २०० आणि स्निग्धांशाच्या ३१५ अशा मिळून ५५५ किलोकॅलरी होतात. छापलेला आकडा याच्या जवळपास असेल. तंतुमय पदार्थ आणि दशांशांची काटछाट यांमुळे थोडाफार फरक पडतो. हिशेब करताना एक गोष्ट आपोआप दिसते. वजनाने चिवड्याचा जेमतेम तिसरा हिस्सा तेल आहे, पण निम्म्याहून जास्त कॅलरी त्या तेलाच्या आहेत. पदार्थ तळलेला आहे हे सगळ्यांना माहीत असते. तळणाचा वाटा किती, हे या बेरजेतून कळते.

आता हाच तक्ता ताटलीपर्यंत आणायचा. भारतात लेबलचे नियम अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, ठरवते. हे प्राधिकरण २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली स्थापन झाले, आणि लेबलिंगचे सध्याचे नियम २०२० चे आहेत. त्यांनुसार पोषणमाहिती १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे द्यावी लागते. एका वेळी संपणारे पाकीट असेल तर त्या पाकिटामागे दिली तरी चालते. शिवाय एका ‘सर्व्हिंग’मधून, म्हणजे एका वेळच्या वाढपातून, दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग भरतो हेही लिहावे लागते. नवखा वाचक नेमका इथेच फसतो, कारण सर्व्हिंग किती ग्रॅमचे धरायचे हे सहसा उत्पादक ठरवतो.

त्याच चिवड्याच्या २०० ग्रॅमच्या पाकिटावर सर्व्हिंग ३० ग्रॅमचे आहे असे धरू. ३० ग्रॅममध्ये सुमारे १६६ किलोकॅलरी, आणि दिवसाच्या गरजेच्या ८ टक्के. आठ टक्के हा आकडा अगदी निरुपद्रवी वाटतो. पण ३० ग्रॅम चिवडा म्हणजे किती? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटी ठेवून एकदा मोजून पाहिले तर कळते की वाटीचा तळ झाकून थोडा वर आला की ३० ग्रॅम होतात. चहाबरोबर गप्पा मारताना पाकिटात हात घालणारा माणूस तेवढ्यावर थांबत नाही. दोघांनी मिळून पाकीट संपवले तर प्रत्येकाच्या वाट्याला १०० ग्रॅम, म्हणजे ५५५ किलोकॅलरी येतात आणि ८ टक्क्यांचे जवळपास २८ टक्के होतात. एकट्याने संपवले तर १११० किलोकॅलरी, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. लेबल खोटे नव्हते. त्याने ३० ग्रॅमबद्दल सांगितले होते आणि खाणाऱ्याने ते पाकिटाबद्दल वाचले.

म्हणून दोन वेगळ्या कामांसाठी दोन वेगळे आकडे वापरावेत. दोन पदार्थांची तुलना करायची असेल तर नेहमी १०० ग्रॅमचा रकाना पाहावा, कारण एका कंपनीचे सर्व्हिंग २० ग्रॅमचे आणि दुसरीचे ४० ग्रॅमचे असू शकते. आपण किती खाल्ले हे काढायचे असेल तर पाकिटाचे निव्वळ वजन पाहावे आणि त्याचा किती हिस्सा खाल्ला याचा प्रामाणिक अंदाज घ्यावा. सर्व्हिंगच्या आकड्यावर विसंबून राहण्यात काही अर्थ नाही.

टक्क्यांच्या मागचा आधारही माहीत असायला हवा. लेबलवरचे टक्के एका सरासरी प्रौढ व्यक्तीला दिवसाला २००० किलोकॅलरी लागतात असे धरून काढलेले असतात. त्याच आधारात दिवसाला एकूण स्निग्धांश ६७ ग्रॅम, संपृक्त स्निग्धांश २२ ग्रॅम, ट्रान्स फॅट २ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ, हे आकडे येतात. सगळ्या देशासाठी एकच आकडा छापणे सोयीचे असले तरी माणसे सारखी नसतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेसाठी २०२० मध्ये सुधारलेल्या शिफारशींत बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाची गरज २११० किलोकॅलरी आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीची १६६० किलोकॅलरी धरली आहे. जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषासाठी हाच आकडा ३४७० आहे. उसाच्या फडात तोडणी करणारा मजूर आणि संगणकासमोर बसणारी कारकून यांच्यासाठी ‘८ टक्के’ हे दोन वेगळे आकडे आहेत. बैठे काम करणाऱ्या स्त्रीसाठी वरचे ३० ग्रॅम चिवड्याचे वाढप ८ नव्हे, १० टक्के होते. लहान मुलांच्या बाबतीत तर हे टक्के वाचूच नयेत.

तेलाच्या पाकिटाकडे स्वतंत्रपणे पाहायला हवे, कारण मराठी घरातल्या कॅलरींचा मोठा वाटा तिथून येतो आणि त्याचे लेबल फारसे कोणी वाचत नाही. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई, सोयाबीन, ऑलिव्ह, यांपैकी कोणतेही तेल घेतले तरी १०० ग्रॅममागे ९०० किलोकॅलरी असतात, कारण तेल म्हणजे जवळजवळ शंभर टक्के स्निग्धांश. ‘लाइट’ लिहिलेल्या तेलातही तेवढ्याच असतात. साजूक तूपही त्याच्या अगदी जवळ जाते. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हे शब्दही तेलाच्या निवडीत काही सांगत नाहीत. वनस्पतिजन्य तेलात नाव घेण्याजोगे कोलेस्टेरॉल नसतेच. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम, म्हणजे त्यात जवळपास ८२०० किलोकॅलरी. चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल लागत असेल तर प्रत्येकाच्या पोटात रोज सुमारे २०० किलोकॅलरी नुसत्या तेलाच्या जातात. कोणते तेल आणावे यावर घरोघरी चर्चा होते. कॅलरींपुरते बोलायचे तर किती आणावे हाच खरा प्रश्न आहे.

पातळ पदार्थांची गोष्ट वेगळी. १०० मिलिलिटरमागचा आकडा लहान दिसतो, कारण त्यात बहुतांश पाणी असते. गोड शीतपेयात १०० मिलिलिटरला ११ ग्रॅम साखर असेल तर आकडा फक्त ४४ येतो, चिवड्याच्या तुलनेत अगदीच किरकोळ. पण ६०० मिलिलिटरची बाटली एका बैठकीत संपते. तेव्हा ६६ ग्रॅम साखर आणि २६४ किलोकॅलरी पोटात गेलेल्या असतात, आणि पोट भरल्याची जाणीवही होत नाही. दिवसाची ५० ग्रॅम साखरेची मर्यादा त्या एका बाटलीत ओलांडली जाते. दुधातही पिशवीचा प्रकार पाहिला पाहिजे. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, फुल क्रीममध्ये ६ टक्के. दर १०० मिलिलिटरमागे सुमारे २७ किलोकॅलरींचा फरक पडतो आणि रोज अर्धा लिटर पिणाऱ्याला तो १३५ च्या आसपास जातो. वाढत्या वयाच्या कृश मुलाला फुल क्रीम उपयोगी पडेल, वजन उतरवू पाहणाऱ्याला टोन्ड.

काही पाकिटांवरचा आकडा बरोबर असूनही उपयोगाचा नसतो, कारण तो खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थाचा नसतोच. गुलाबजामच्या तयार पिठाच्या डब्यावर सहसा कोरड्या पिठाच्या कॅलरी असतात. जाम तळताना शोषले जाणारे तेल किंवा तूप आणि मुरलेला साखरेचा पाक त्यात धरलेला नसतो. दुधात घालून प्यायच्या भुकटीवरही कधी नुसत्या भुकटीचा आकडा असतो, कधी दुधासकटचा; तक्त्याच्या वर किंवा खाली बारीक अक्षरांत तसे लिहिलेले असते. उलट बाजूने तांदळाचे उदाहरण घ्यावे. कोरड्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० किलोकॅलरी असतात, पण शिजताना तो पाणी शोषून दुप्पट-तिप्पट जड होतो, आणि १०० ग्रॅम भातात सुमारे १३० उरतात. कच्च्याचा आकडा शिजलेल्याच्या वजनाला लावला की हिशेब तिप्पट चुकतो. मोबाइल ॲपवर जेवण नोंदवणाऱ्यांकडून ही चूक सर्रास होते.

पाकिटाच्या दर्शनी भागावरचे दावे वाचताना मागचा तक्ता उघडा ठेवावा. काही शब्दांना कायद्याने ठरवलेला अर्थ आहे. ‘लो कॅलरी’ म्हणायचे असेल तर घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये ४० आणि द्रव पदार्थाच्या १०० मिलिलिटरमध्ये २० किलोकॅलरींपेक्षा जास्त असता कामा नये. ‘लो फॅट’साठी घन पदार्थात १०० ग्रॅममागे ३ ग्रॅम स्निग्धांशाची मर्यादा आहे, आणि ‘शुगर फ्री’साठी अर्ध्या ग्रॅम साखरेची. पण हे शब्द जेवढे म्हणतात तेवढेच खरे असतात. साखर काढून टाकलेल्या काजूकतलीतही काजू असतातच, आणि काजूच्या १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेहून अधिक किलोकॅलरी असतात. मधुमेही माणसाला साखर नसण्याचा फायदा होईल. कॅलरी कमी झाल्या असे मात्र मानू नये. ‘मल्टिग्रेन’, ‘बेक्ड’, ‘पारंपरिक’ यांसारखे शब्द कॅलरींबद्दल काहीच सांगत नाहीत. बिस्किटाच्या पुड्यावर धान्यांची चित्रे असली तरी घटकांच्या यादीत पहिले नाव मैद्याचे असेल तर पुड्यात सगळ्यात जास्त मैदाच आहे, कारण ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे बंधनकारक आहे. भाजलेल्या चिवड्यात १०० ग्रॅमला ५५५ ऐवजी ४५० किलोकॅलरी असतील तर ३० ग्रॅममागे तीसेक किलोकॅलरी वाचतात, आणि ‘हा तर बेक्ड आहे’ म्हणून दुसरी वाटी घेतली की वाचवल्या त्याच्या कितीतरी पट पोटात जातात.

हा आकडा सोनाराच्या तराजूसारखा काटेकोर नसतो, हेही समजून घेतले पाहिजे. धान्य, दूध, तेलबिया यांची प्रत हंगामागणिक बदलते. पचनही सर्वांचे आणि सर्व पदार्थांचे सारखे नसते. अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांनी २०१२ मध्ये बदामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ॲटवॉटरच्या पद्धतीने २८ ग्रॅम बदामांत १७० च्या आसपास किलोकॅलरी भरतात; प्रत्यक्षात खाणाऱ्यांच्या शरीराला १२९ च्या आसपासच मिळत असल्याचे त्यांना आढळले. बदामाच्या पेशींच्या कडक भिंतींत अडकलेले तेल चावूनही पूर्ण सुटत नाही आणि न पचताच बाहेर पडते. तेव्हा ४५५ आणि ४६० मधला फरक पाहून पाकीट निवडण्यात अर्थ नाही. ४६० आणि ३५० मधला फरक मात्र खरा असतो आणि तो पाहूनच निवड करावी.

शिवाय कॅलरी म्हणजे अन्नाची गुणवत्ता नव्हे. शंभर किलोकॅलरी २५ ग्रॅम साखरेतूनही मिळतात आणि तीसेक ग्रॅम हरभऱ्यांतूनही. हरभऱ्याबरोबर प्रथिने, तंतुमय पदार्थ, लोह येते. साखरेबरोबर काहीच येत नाही. म्हणून ऊर्जेच्या ओळीवर न थांबता खाली उतरावे. ‘टोटल शुगर’ आणि ‘ॲडेड शुगर’ या दोन ओळींतली दुसरी जास्त महत्त्वाची, कारण दूध आणि फळे यांतली मूळची साखरही पहिलीत धरलेली असते, दुसरीत फक्त कारखान्यात वरून घातलेली. संपृक्त स्निग्धांश आणि सोडियमही पाहावे. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे वजन मिळते: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. रक्तदाबाच्या रुग्णासाठी ही ओळ कॅलरीपेक्षा मोलाची आहे.

रोजच्या बऱ्याचशा खाण्यावर अर्थातच कुठलाही तक्ता नसतो. भाजीपाला, सुटे धान्य, घरची भाकरी, गाडीवरचा वडापाव, हलवायाकडची मिठाई यांना ही सक्ती नाही, आणि अगदी छोट्या पाकिटांनाही सूट आहे. दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी मात्र मेन्यूवर पदार्थासमोर कॅलरी लिहिणे १ जुलै २०२२ पासून बंधनकारक झाले आहे. बाकीच्या पदार्थांसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेली भारतीय अन्नघटकांची कोष्टके उपयोगी पडतात. त्यांत देशभरातून गोळा केलेल्या धान्ये, भाज्या, फळे, मासे, मांस यांचे विश्लेषण दिले आहे. घरच्या पोळीचा अंदाज त्यांच्याशिवायही काढता येतो: ३० ग्रॅम कणकेच्या जवळपास १०० किलोकॅलरी, वर चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर तेल लावले तर आणखी चाळीस.

एक अडचण मात्र वाचकाच्या हातात नाही. नियमांनुसार लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत असावे लागते. त्याशिवाय प्रादेशिक भाषेत माहिती द्यायला परवानगी आहे, सक्ती नाही. परिणामी महाराष्ट्रात तयार होऊन महाराष्ट्रातच विकल्या जाणाऱ्या फरसाणाच्या पाकिटावर नाव ठळक मराठीत आणि पोषणाचा तक्ता बारीक इंग्रजीत, असे चित्र दिसते. ज्या आजीला मधुमेह आहे आणि इंग्रजी येत नाही, तिला पदार्थाचे नाव वाचता येते, साखर किती ते वाचता येत नाही. परवानगी आधीच आहे, त्यामुळे कायदा बदलण्याची वाट पाहण्याची गरज नाही. मराठी ग्राहकांच्या जिवावर चालणाऱ्या उत्पादकांनी हा तक्ता मराठीत, ठसठशीत अक्षरांत छापायला सुरुवात करावी, आणि ग्राहक संघटनांनी तशी मागणी लावून धरावी.